सर दोनदा रडले!

थांबा! आधी एक कबुली देते आणि मग सुरू करते. मला यातलं काही म्हणता काही कळत नाही! मानसशास्त्र नाही, मार्केटिंग नाही, भाषणबिषण तर त्याहून नाही. मी साताऱ्यात एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत रोजची साठ-सत्तर दुकानं, कुणाचे वीस, कुणाचे पन्नास, कुणाचं "उद्या या वहिनी". एवढंच माझं शिक्षण! पण गेल्या महिन्याभरात मला असं काही सापडलंय की हातातलं काम हातात राहतंय, तव्यावर पोळी करपतेय आणि आमचे हे विचारतात, "हिला झालंय तरी काय?"

सांगते! सर दोनदा रडले! एकदा साताऱ्यात, एकदा सांगलीत! त्याच वाक्यावर! त्याच रुमालात!

नाही, असं नाही कळायचं. पहिल्यापासून सांगते.

धाकट्या जावेच्या मोबाइलवर जाहिरात आली. आयुष्य बदलायचं, तीन तासांत, तेही फुकट! खाली लाल अक्षरांत 'फक्त १०० जागा'. मी म्हटलं, तीन तासांत आमच्याकडे पुरणपोळीचा स्वयंपाक उरकत नाही, आयुष्य कुठलं बदलायचं! तर जाऊ म्हणाली, "अक्का, एसी हॉल आहे." मे महिना, डोक्यावर पत्रा, आणि एसी हॉल! कोण नाही म्हणेल? तुम्ही म्हणाला असता? नाही ना? मग झालं तर!

एका हॉटेलच्या तळघरातला हॉल. दारातच मनगटाला गुलाबी पट्टी बांधली, लग्नात वरमाईलासुद्धा इतकं कुणी विचारत नाही! आत गाणं इतकं मोठ्यानं लावलेलं की धडधडतंय ते माझं काळीज की स्पीकर, कळेना! आणि मग एक मुलगी स्टेजवर आली आणि म्हणाली उभे राहा, आणि मग म्हणाली शेजाऱ्याला टाळी द्या, आणि मग म्हणाली पुढच्याचे खांदे दाबा, आणि मग काय, माझ्यापुढे कोरेगावच्या एक बाई, ओळख ना पाळख, मी त्यांचे खांदे दाबतेय आणि मागून कुणीतरी माझे दाबतंय, आणि खरं सांगू? बरं वाटत होतं हो! वीस वर्षांत माझे खांदे कुणी दाबले नव्हते! माझं निम्मं आयुष्य तिथंच बदललं होतं, सर आले नसते तरी चाललं असतं!

पण सर आले. निळा कोट, कानाला चिकटलेला माइक, पायात धावायचे बूट. सगळ्यांना ओरडायला लावलं, "मी करू शकतो!" हॉलमध्ये निम्म्याहून जास्त बायका, पण 'शकतो' म्हणजे 'शकतो'! जाऊ एकदा चुकून 'शकते' म्हणाली, तर तिचं तिलाच ओशाळल्यासारखं झालं. "आवाज येत नाहीये सातारा!" मग आणखी मोठ्यानं! "तुम्हाला मोठं व्हायचंय की नाही?" व्हायचंय! "मुलांना चांगलं शिकवायचंय की नाही?" शिकवायचंय! "मग आज निर्णय घेणार की नाही?" घेणार! कसला निर्णय ते विचारायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही! माझ्या तर नाहीच!

आणि मग आईची गोष्ट आली. फी भरायची शेवटची तारीख, घरात दाणा नाही, आणि आई देवघरासमोर उभी राहते, गळ्याला हात लावते, आणि मग सर थांबले. चष्मा काढला. खिशातून पांढरा रुमाल काढला. "त्या दिवशी माझ्या आईनं मंगळसूत्र मोडलं." झालं! जाऊ रडली, कोरेगावच्या बाई रडल्या, मी तर अशी रडले की नाक पुसायला पदर पुरेना! तेवढ्यात जावेचा फोन वाजला, पोरांचा, आणि सगळे आमच्याकडे असे बघायला लागले की जणू आम्ही देवळात चपला घालून शिरलोय. हा फोन लक्षात ठेवा हं! पुढे कामाला येणार आहे!

जरा बाजूला नेते तुम्हाला. साताऱ्यात मंगळसूत्राची गोष्ट सांगायची म्हणजे काय गंमत आहे बघा. इथल्या पोराला ती शाळेत जायच्या आधीपासून पाठ असते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, आणि त्या बोर्डिंगातल्या सगळ्या जातींच्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचा एकेक दागिना दिला, शेवटी मंगळसूत्रही. माझे सासरे 'कमवा आणि शिका'तून शिकलेले. ताटात घास टाकलेला दिसला की ते फक्त "लक्ष्मीवहिनी" एवढंच म्हणायचे आणि आम्ही मुकाट्यानं ताट चाटूनपुसून साफ करायचो. म्हणजे बघा! सरांनी नुसती काडी लावली, गंजी आमच्या गावानं शंभर वर्षांपासून रचून ठेवलेली! मला त्या दिवशी हे कळलं नाही. त्या दिवशी मी नाक पुसत होते.

आणि मग, डोळे अजून ओले आहेत तोवर, पडद्यावर आकडा! ४९,९९९! त्यावर लाल फुली! २९,९९९! फुली! १४,९९९! आणि आज, आत्ता, या हॉलमध्ये बसलेल्यांनी नुसते ९९९ भरायचे, जागा पक्की, बाकीचे नंतर! आणि जागा किती? पाच! फक्त पाच! आणि मग एक लाल चौकड्याच्या शर्टातला पोरगा ताडकन उठला आणि मागच्या टेबलाकडे पळत सुटला, आणि मग आणखी एक, आणि मग कोरेगावच्या बाई, आणि मग मी!

हो, मी! जी दिवसभर लोकांना सांगते की पैसा टाकताना दहा वेळा विचार करा, ती मी पळाले! चपलेचा अंगठा तुटला तरी पळाले! फोन पुढे केला, ठ्ठिंग वाजलं, ९९९ गेले. पिग्मीच्या पिशवीतले नव्हेत हो, माझे स्वतःचे!

९९९ चं काय मिळालं? तीन रात्री झूम, आठ ते अकरा. आणि तिन्ही रात्री मिळून मी एकच गोष्ट शिकले, की खरं शिक्षण पुढच्या कोर्समध्ये आहे! पुढचा १४,९९९ चा, त्याच्या पुढे ४९,९९९ चा, आणि प्रत्येकावर १८ टक्के जीएसटी वेगळा! मी मनातल्या मनात पिग्मी लावली. रोजचे ५० धरले तर १४,९९९ म्हणजे ३०० दिवस. ४९,९९९ म्हणजे १००० दिवस! पावणेतीन वर्षं रोज न चुकता! माझ्याकडे एक चप्पल शिवणारे काका आहेत, रोज वीस देतात, त्यांना तर जवळजवळ सात वर्षं लागतील! पैसे परत मागितले, तर म्हणाले परत मिळत नाहीत, पुढच्या कोर्समध्ये वळते होतील. मी गप्प बसले. ह्यांना सांगितलं नाही. (आता हे वाचून कळेलच म्हणा.)

इथवर काय, सगळ्यांचंच होतं. खरी मजा आता!

मी माहेरी गेले. माझं माहेर सांगली. एसटीनं कऱ्हाड, पेठ नाका, सांगली, खिडकीतून ऊस बघत. घरात पाऊल टाकते तोच वहिनी म्हणाली, "ताई, उद्या विश्रामबागेत एक सेमिनार आहे, फुकट आहे, जाऊया का?" आणि मोबाइल पुढे केला. निळा कोट! तेच सर! वर लाल अक्षरांत 'फक्त १०० जागा'!

मी काय करायला हवं होतं? वहिनीला सावध करायला हवं होतं. मी काय केलं? मी म्हटलं, "जाऊया! आणि मोनीला पण घेऊ!" मोनी म्हणजे माझी भाची, एमए करतेय, विषय मानसशास्त्र.

आणि मग हो, काय सांगू तुम्हाला! दुसऱ्यांदा बघताना सगळं दिसतं! एकच सिनेमा दुसऱ्यांदा बघताना हिरोच्या मागून चालणारी माणसं दिसायला लागतात ना, तसं! मनगटाला पट्टी, यावेळी केशरी. टाळी, खांदे, "आवाज येत नाहीये सांगली!" साताऱ्यात सर म्हणाले होते, "ही छत्रपतींची राजधानी, इथल्या मातीत आग आहे." इथं म्हणाले, "ही हळदीची पेठ, इथल्या मातीत सोनं आहे." बाकी वाक्य तेच! फक्त माती बदलली! मी हळूच मोनीला म्हटलं, आता सर पाणी पिणार. प्यायले! आता कोटाचं बटण काढणार. काढलं! मोनी माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू माझ्या अंगात आलंय!

आणि मग आई देवघरासमोर उभी राहिली. मी घड्याळ बघितलं. आणि मग फोनमध्ये साताऱ्याचा दिवस उघडला, कारण जाऊ फोनवर बोलत बोलत बाहेर गेली होती आणि तिथून लगेच तिनं मला मेसेज टाकला होता, 'अक्का पोरांनी किल्ली हरवलीय'. वेळ ११.३८! आणि सांगलीच्या भिंतीवर? ११.३७! एका मिनिटाचा फरक! आमची एसटी कधी इतकी वेळेवर आली नाही! चष्मा निघाला. रुमाल निघाला. आणि मग ते घडलं ज्यासाठी मी हा सगळा लेख लिहितेय! बासरी आधी वाजली! सरांचा आवाज अजून धड होता, चष्मा अजून हातात होता, आणि कोपऱ्यातल्या साउंडवाल्या पोरानं रडायची बासरी आधीच सोडली! सरांनी क्षणभर, अगदी पापणी लवते तेवढंच, त्याच्याकडे बघितलं. आणि मग रडले! बासरीला गाठायचं म्हणून जरा घाईघाईनं रडले!

मला असं हसू फुटलं की मी पदर तोंडात कोंबला. शेजारच्या काकूंना वाटलं मी हुंदका आवरतेय. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला!

आणि लाल चौकड्याचा शर्ट! होता! तोच! पहिला तोच उठला आणि मागच्या टेबलाकडे पळाला! मला इतका आनंद झाला, जत्रेत हरवलेला भाऊ सापडावा तसा!

मला जडीबुटीवाल्याची आठवण झाली. लहानपणी आठवडी बाजारात रस्त्याकडेला मांडून बसायचा, आणि पहिली पुडी घेणारा गिऱ्हाईक दर बाजाराला तोच असायचा. आणि मग आणखी मागे गेले. माझी आजी मला गणपतीच्या देवळात कीर्तनाला न्यायची. बुवा आधी पूर्वरंग करतात, त्यात उपदेश. मग मध्ये बुवांना हार, कपाळाला बुक्का. मग उत्तररंग, त्यात आख्यान, हरिश्चंद्र नाहीतर ध्रुवबाळ, आणि आजी रडायची. शेवटी आरतीचं ताट फिरायचं, त्यात आजी चार आणे टाकायची. हे अगदी तेच आहे हो! फक्त यांनी ताटावर किंमत लिहिली!

आणि सांगलीत हे दिसावं, याला काय म्हणायचं! १८४३ मध्ये इथंच तर विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, पटवर्धनांच्या दरबारात, मराठी नाटक जन्मलं ते! त्या खेळात आधी सूत्रधार यायचा, मग विदूषक, मग गणपती, मग सरस्वती, आणि राक्षस आले की "अलल्डुर्र" अशी आरोळी ठोकायचे, म्हणून त्या नाटकांना लोक अलल्डुर्रचीच नाटकं म्हणायचे. आता मला सांगा, "मी करू शकतो!" आणि "अलल्डुर्र" यात फरक काय? तेव्हाचे राक्षस निदान पुढचा खेळ १४,९९९ ला विकत नव्हते!

घरी आल्यावर मोनी सुरू झाली. "आत्या, याला नावं आहेत." नावं आहेत! मी भडंगाची परात पुढे ओढली आणि ऐकायला बसले. १९६६ सालची गोष्ट, अमेरिकेत फ्रीडमन आणि फ्रेझर नावाच्या दोघांनी लोकांना विचारलं, तुमच्या अंगणात 'गाडी जपून चालवा' असा भला थोरला कुरूप फलक लावू का? नुसतं विचारलं तेव्हा १७ टक्क्यांच्या आसपास लोक तयार झाले. पण ज्यांनी दोन आठवडे आधी त्याच विषयाची टिचभर पाटी लावायला हो म्हटलं होतं, त्यांच्यातले ७६ टक्के तयार! आधी छोटा हो, मग मोठा हो! मी ओरडले, "अगं हे तर मी रोज करते!" नवीन दुकानात गेले की मी आधी पिग्मीचं नावच काढत नाही. पाणी मागते! ज्यानं पाणी दिलं तो चार दिवसांनी वीस रुपये देतो! मला वाटायचं माझा पायगुण!

आणि ती फुल्या मारलेली किंमत? त्यालाही नाव आहे! १९७४ मध्ये ट्वेर्स्की आणि कानमन यांनी छापलं. एक चक्र फिरवायचं, ते मुद्दाम १० वर नाहीतर ६५ वर थांबेल असं केलेलं, आणि मग विचारायचं की संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश किती टक्के? १० बघितलेले म्हणाले २५, आणि ६५ बघितलेले म्हणाले ४५! चक्राचा आणि आफ्रिकेचा काय संबंध? काही नाही! ४९,९९९ चा आणि त्या कोर्सचा काय संबंध? काही नाही! पण त्या आकड्यापुढे १४,९९९ म्हणजे भाजीवालीनं वर घातलेली कोथिंबीर वाटली की नाही मला!

बरं, ही विद्या आजची नाहीच. १९७१ मध्ये वेर्नर एर्हार्ड नावाच्या माणसानं सॅन फ्रान्सिस्कोत 'एस्ट' सुरू केलं, दोन शनिवार-रविवार मिळून ६० तास एका हॉलमध्ये, आणि लघवीला जायचं तरी त्यांनी ठरवलेल्या वेळी! आमच्याकडे निदान दार उघडं होतं. आणि मोनीनं हिंदीतलंही दाखवलं. डिसेंबर २०२३ मध्ये संदीप माहेश्वरी यांनी यूट्यूबवर एक व्हिडिओ टाकला, त्यात पोरं सांगतायत की हजारो रुपये भरून कोर्स घेतला आणि काम काय, तर तोच कोर्स पुढे विकायचा. त्यावरून त्यांचा आणि विवेक बिंद्रा यांचा जाहीर वाद पेटला, बिंद्रांनी आरोप फेटाळले. मी तो व्हिडिओ परातीतलं भडंग संपेपर्यंत बघितला.

पण सगळ्यात भारी पुढे आहे! त्या ४९,९९९ च्या कोर्समध्ये शेवटच्या दिवशी निखाऱ्यांवरून चालवतात! भीती जाते म्हणे. अहो, निखाऱ्यांवरून? साताऱ्याच्या माणसाला? आमच्या डॉक्टर दाभोलकरांची अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ पासून गावोगाव हेच फुकटात करून दाखवते! ते शिकले सांगलीच्या विलिंग्डनमध्ये, डॉक्टर झाले मिरजेत, म्हणजे माझं माहेर नि सासर दोन्ही त्यांच्यात! कार्यकर्ते चालतात, गावकऱ्यांना चालवतात, आणि मग सांगून टाकतात की यात दैवी काही नाही, कोळशातली उष्णता पायात शिरायला वेळ लागतो, भराभर चाललं तर भाजत नाही. रेंगाळलं तर भाजतं! २०१६ मध्ये टोनी रॉबिन्सच्या डॅलसच्या कार्यक्रमात तीसहून जास्त लोकांचे पाय भाजले. मला तर वाटतं इथं भीतीपेक्षा ४९,९९९ आधी जातात.

आता तुम्हाला वाटत असेल, बाईला सगळं कळलं, बाई शहाणी झाली. ऐका तर!

सांगलीच्या हॉलमध्ये माझ्या पलीकडे कवठेमहांकाळकडचा एक पोरगा होता, तिशीचा, एमपीएससीची चार वर्षं गेलेली. 'फक्त पाच जागा' म्हटल्याबरोबर त्याचा हात खिशाकडे गेला. मी त्याचं कोपर धरलं. "थांब, बाळ. मोजूया." आणि आम्ही मोजलं! मागच्या टेबलावर एक गेला, दोन, पाच, आठ, चौदा! आणि स्टेजवरून सर सांगतायत, "आता फक्त पाचच उरल्यात!" चौदा गेल्यावर पाच! तो खुदकन हसला, मी हसले, मोनी हसली. मला वाटलं जिंकलो! आणि मग तो उठला. आणि पंधरावा म्हणून रांगेत उभा राहिला! मी विचारलं, अरे, मोजलंस ना तू? म्हणाला, "मोजलं हो काकू. पण तीन तासांत मला कुणी एकदाही 'पुढं काय करणार' असं विचारलं नाही." मला पुढे बोलता आलं नाही. त्याला १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर तेवढा लिहून दिला, पावतीच्या मागे.

आणि माझं सांगू? सगळं ओळखून, बासरी पकडून, चौदा मोजून, लाल शर्ट बघून, मीसुद्धा खुर्चीतून अर्धी उठले होते! पाय आपोआप! मोनीनं पदर ओढून खाली बसवलं! म्हणून तर मला झोप येत नाही! कळलं तरी पाय उठतात, हे काय आहे हो?

काल फोन आला. "मॅडम, तुमच्यामध्ये खूप मोठं काही करण्याची..."

"...क्षमता आहे, पण कुणीतरी हात धरायला हवा," मी म्हटलं.

पलीकडे शांतता. "मॅडम, तुम्ही आधी केलाय का कोर्स?"

"दोनदा रडलेय, बाळ."

तो हसला! अगदी पोरासारखा हसला! तासगावचा निघाला. रोज दीडशे फोन करतो म्हणाला, आणि हसायला मिळालं असा आजचा पहिलाच. मी त्याला पिग्मीचं विचारून घेतलं (सवय हो!), तर म्हणाला पगार झाला की बघू. आणि मग आवाज खाली आणून म्हणाला, "काकू, रविवारी कऱ्हाडला आहे. फुकट आहे. तुमची जागा ठेवू?"

मी म्हटलं, "दोन ठेव."

दुसरी कुणाची म्हणून काय विचारता! सकाळी सात वाजता स्टँडवर या. भडंग मी आणते. पुढची रांग धरायचीय, साउंडवाल्या पोराच्या बाजूची!